पहिलं माप

सोमवारी अक्का वारली. ती शाळेला निघाली होती. चपला घालायला वाकली आणि उठली नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते मला क्रमाने सांगता येणार नाही. माणसं येत होती, बसत होती, कुणीतरी चहा करत होतं. तेरावा झाला, पाहुणे बसने परत गेले आणि मी तिच्या टेबलापाशी येऊन बसले. तिची शाळेची पिशवी खुंटीलाच होती. आत खडूंची डबी, चष्म्याचं घर आणि पुठ्ठा बांधलेली एक जाड वही. वहीवर नाव नव्हतं, विषयही नव्हता. आत सगळी गणितं होती.

अक्का माझ्याहून तीन वर्षांनी थोरली. आमचं गाव कर्नाटकात, घाटातलं; तिथल्या सरकारी मराठी शाळेत ती सहावी-सातवीला गणित शिकवायची. मी पंचायतीच्या वाचनालयात पुस्तकं देते-घेते. दोघींनीही लग्न केलं नाही, त्यामुळे आईवडिलांच्या मागे ते घर आमच्या दोघींचंच राहिलं. जेवताना ती शाळेतलं सांगायची आणि मी वाचलेलं. गणिताचं काही निघालं की मी ताटात बघायचे.

मला गणित येत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांनी मान्य केलेलं होतं. सातवीत असताना हौदाचं उदाहरण आलं की मी अडायचे. दोन नळ हौद भरतात, खालच्या भोकातून पाणी गळतं, तर हौद किती वेळात भरेल? मी विचारायचे, "आधी भोक का बुजवत नाहीत?"

अक्का तेव्हा दहावीत होती. ती म्हणायची, "बुजवतील गं. गवंडी यायचाय. तोवर किती भरेल ते सांग."

गवंडी येणार आहे म्हटल्यावर मला बरं वाटायचं. मग मी गणित सोडवायला घ्यायचे, आणि ते चुकायचं.

तेराव्यानंतर चार दिवसांनी शाळेचे हेडमास्तर घरी आले. आधी बराच वेळ शाळेच्या कौलांबद्दल बोलले. मग म्हणाले, "बाई, शनिवारचा तास तुम्ही घ्याल काय?"

"कसला तास?"

"गणिताचा. सरावाचा. अक्का घेत होत्या तो."

"सर, मला गणित येत नाही."

"ते अक्का सांगायच्या," ते म्हणाले, आणि लगेच कपात बघू लागले.

नवीन शिक्षक मिळायला वेळ लागणार होता. रोजचं पुस्तक हेडमास्तर स्वतः शिकवणार होते. शनिवारचा तास मात्र पुस्तकातून चालत नसे, तो अक्काच्या वहीतून चालायचा. आणि यंदा तो बंद पडून चालणार नव्हता. सातवीतली एक मुलगी तालुक्याच्या गावी, जोयड्याला, निवासी हायस्कुलाच्या परीक्षेला बसणार होती. रुळांच्या पलीकडे, जंगलात आत, सहा-सात घरांची एक वस्ती आहे, ती तिथली. बाप थोडं भात करतो आणि जंगल खात्याच्या कामाला जातो. वस्तीपर्यंत बस नाही, आणि जवळचं हायस्कूल पोरीने रोज चालत जाण्याइतकं जवळ नाही. तिच्या दोघी थोरल्या बहिणी सातवीनंतर घरीच राहिल्या. बापाने अक्काला सांगितलं होतं, राहायच्या शाळेत जागा मिळाली तर पाठवतो; नाही मिळाली तर तीही घरी. अक्काने त्याच्याशी वाद घातला नाही. अर्ज आणला, स्वतःच्या अक्षरात भरला आणि त्याची सही घेतली.

परीक्षेला सात शनिवार उरले होते.

"तुम्ही नुसत्या बसलात तरी चालेल," हेडमास्तर म्हणाले. "पोरं करतात. वही आहे ना?"

वही होती. त्या दुपारी वाचनालयात कुणी नव्हतं तेव्हा मी ती पहिल्यांदा नीट चाळली. उळवीच्या जत्रेला निघालेल्या दोन बैलगाड्या होत्या, एक आधी निघालेली आणि एक मागून गाठणारी. अणशीच्या घाटात उताराला एक वेग आणि चढाला दुसरा वेग असलेली जीप होती. गुऱ्हाळ होतं, फणसाच्या गऱ्यांची वाटणी होती, रेशनच्या रांगेत उभी असलेली एक बाई होती जिच्यापुढे किती आणि मागे किती ते दिलेलं होतं. मी एका दमात तीस-चाळीस पानं वाचली. मग उत्तरं बघायला शेवटची पानं उघडली. ती कोरी होती. मधली पानं बघितली, पुठ्ठ्याच्या आतली बाजू बघितली. अख्ख्या वहीत अक्काने एकाही गणिताचं उत्तर लिहिलेलं नव्हतं.

मला तिचा रागच आला. ती गेल्यानंतर आलेली ती पहिली धड भावना. म्हणजे आता पोरांचं बरोबर की चूक हे सांगायला मला प्रत्येक गणित आधी स्वतः सोडवणं भाग होतं. मी वाचनालयाच्या जुन्या पावत्यांच्या पाठीमागे सोडवायला बसले.

पहिल्या शनिवारी वर्गात अकरा मुलं होती, सहावी आणि सातवी एकत्र. वस्तीवरची ती मुलगी भिंतीकडेला बसली होती. डाव्या हाताने लिहायची, आणि लिहिण्याआधी बराच वेळ पाटीसारखी कोरी वही समोर धरून बसायची. मी फळ्यावर गणित लिहिलं. दोनशे मीटर लांबीची आगगाडी तीनशे मीटर लांबीच्या बोगद्यातून सेकंदाला दहा मीटर वेगाने जाते. गाडीला बोगदा पार करायला किती वेळ लागेल? आदल्या दिवशी मी ते सोडवून ठेवलं होतं. तीनशे भागिले दहा, तीस सेकंद. सोपं आहे म्हणूनच निवडलं होतं.

कुणी पेन्सिल उचलली नाही.

"सोडवा की," मी म्हणाले.

"आधी सांगायचं असतंय बाई," स्टेशनाजवळ राहणारी एक मुलगी म्हणाली.

"काय सांगायचं?"

"गणित. घरात सांगतो तसं. मराठीत सांगायचं, मग कन्नडात. मग अंदाज. मग मांडायचं. मग ताळा."

मग तिनेच सांगितलं: एक गाडी हाय, बोगद्यात शिरायलीय, सगळी भायेर यायला किती वेळ. दुसऱ्याने तेच कन्नडमध्ये सांगितलं. अंदाज आले, चाळीस, पन्नास, एक मिनिट. तीस कुणीच म्हणालं नाही. मांडून झाल्यावर सगळ्यांचं पन्नास आलं.

मी म्हणाले, "पण बोगदा तीनशेच मीटर आहे. तीस सेकंद होतात."

मोठ्या माणसाचं चुकलं की मुलं जशी एकमेकांकडे बघतात तशी ती बघू लागली. शेवटी स्टेशनाजवळची म्हणाली, "बाई, तीस सेकंदात इंजिन भायेर आलं. डबे आतच ऱ्हायले की."

"गार्ड अंधारातच हाय अजून," मागून कुणीतरी म्हणालं.

"आणि मागनं ढकलायचं इंजिन असलं तर?" तिसरं. "ते दोनशात धरलाय काय न्हाई?"

आमच्या घाटात मालगाडीला मागेही इंजिनं लावतात. गाडी संपली असं वाटतं आणि मग ती येतात. मी हे जन्मभर बघितलंय. गणितात ते मोजायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं.

"ताळा करू या," वस्तीवरची मुलगी एवढंच म्हणाली. सगळी उठून व्हरांड्यात गेली. अकराही जण एकमेकांचे खांदे धरून गाडी झाले, दोन टोकांच्या खांबांमधली जागा बोगदा झाली, आणि मला पावलं मोजायला उभं केलं. पहिला पलीकडच्या खांबापाशी पोचला तेव्हा अख्खी गाडी आतच होती. मी मोजत राहिले. शेवटची मुलगी बाहेर आली आणि तिने शिट्टी फुंकल्यासारखं केलं.

मी आत जाऊन फळ्यावरचे माझे तीस पुसले. ती मुलं कुणाच्याही उत्तराची वाट बघत नव्हती. बरोबर आहे का हे त्यांना आपलं आपल्याला काढता येत होतं. अक्का जेवताना इतकी वर्षं शाळेतलं सांगायची, पण हे तिने कधी असं सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं, आणि मी ताटात बघत होते.

त्या दिवसापासून मी धाकट्या बाई झाले. थोरल्या बाईंची चूक कधी सापडत नसे, माझी दर शनिवारी एखादी सापडायची, आणि त्यामुळे पोरं तासाला वेळेवर यायची.

वस्तीवरच्या मुलीचं एक मात्र माझ्या लक्षात येऊ लागलं. तिची रीत बरोबर असायची, आकडेमोड कधी चुकायची नाही, आणि काही गणितांत उत्तर नेमकं एकाने कमी यायचं. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत किती दिवस? चार. पाचव्या पानापासून बाराव्या पानापर्यंत वाचलं, किती पानं वाचली? सात. पुस्तकांच्या पानांत तर मी जन्म काढलेला. मी पुस्तक उघडून तिला एकेक पान मोजायला लावलं. आठ झाली. तिने मान हलवली, खोडलं, आठ केलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तिला कळत नव्हतं असं नाही. ती पहिलं पान सोडूनच देत होती, आपण वाटेतला दगड ओलांडतो तसं.

परीक्षेला तीन शनिवार उरले होते. बाप एकदा शाळेत येऊन दाराशी उभा राहिला. "पोरगी कशी हाय, बाय?"

"हुशार आहे."

"व्हय, खरं पास हुईल काय?"

मी होईल म्हणाले. म्हणताना मला ते एकाने कमी उत्तर दिसत होतं. घरी येऊन मी वही घेऊन बसले. वाटलं, अक्काला हे दिसलं नसेल असं होणार नाही.

वहीच्या मध्यावर एक गणित सापडलं. खळ्यावर भात मोजलं. मोजणाऱ्याने लाभ म्हणून सुरुवात केली. शेवटचं माप टाकताना तो चाळीस म्हणाला. एकूण मापं किती?

हे मला येत होतं. आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात, मग दोन, तीन, चार. म्हणजे चाळीस म्हटलं तर चाळीस. अख्ख्या वहीत ज्याचं उत्तर न सोडवता मला ठाऊक होतं असं हे एकच गणित. पण समासात, बारीक पेन्सिलीने, अक्काने दोन शब्द लिहिले होते: कुणाच्या घरी?

मला त्याचा अर्थ लागला नाही. शनिवारी मी तेच गणित फळ्यावर लिहिलं.

"चाळीस," सगळे म्हणाले. सांगायचं, अंदाज, काही झालंच नाही. मग भिंतीकडून आवाज आला, "एक्केचाळीस."

वर्ग हसला. "कायम एक कमी म्हणणारी आज एक जादा म्हणायलीय."

"त्यांच्याकडं एक माप उंदरांचं असतंय."

"गप बसा," मी म्हणाले. "कसं गं एक्केचाळीस?"

ती उभी राहिली. "आमच्यात लाभ देवाचा. ते माप सुपात येगळं काढायचं. मग एक, दोन, तीन."

"म्हणजे लाभ झाल्यावर एक?"

"व्हय. लाभ मोजायचा न्हाई."

"घरी मोजतं कोण?"

"मीच. बा माप टाकतो, मी म्हणते. ल्हान हुते तवापासनं."

मी खडू खाली ठेवला. मला सोमवार दिसला, पाचवं पान दिसलं. पहिलं ते देवाचं. ते वेगळं काढायचं आणि मग मोजायचं. तिचा हात दर साली खळ्यावर हेच शिकत आला होता. आणि अक्काने ते ओळखलं होतं. तिने वहीत त्याला चूक म्हटलेलं नव्हतं. प्रश्न लिहिला होता.

मी तिला म्हणाले, "तुझ्या घरचं बरोबर आहे. एक्केचाळीसच. ह्यांच्या घरचं चाळीस, तेही बरोबर. फक्त दर वेळी गणित तुझ्याच घरचं असेल असं नाही. मांडायच्या आधी विचार, हे कुणाच्या घरचं आहे. पहिलं मोजायचं की वेगळं काढायचं."

ती खाली बसली. तिने वही उघडली आणि सोमवार ते शुक्रवार पुन्हा केलं. मी सांगितलं नव्हतं.

पुढचे दोन शनिवार वर्गात ह्याचा नुसता धुमाकूळ होता. प्रत्येक गणिताला कुणीतरी ओरडायचं, "कुणाच्या घरी?" त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज किती, मी विचारलं, आणि एकाने अगदी गंभीरपणे विचारलं, "कुणाच्या घरी, बाई?"

"सगळ्यांच्या," वस्तीवरची म्हणाली, आणि लिहीत राहिली.

परीक्षेला आम्ही तिघं गेलो: ती, तिचा बाप आणि मी. सकाळी लेखी झाली. दुपारी काही मुलांना फळ्यावर एक गणित सोडवायला बोलावलं, त्यांत तिचं नाव होतं. खोलीची खिडकी व्हरांड्याकडे उघडी होती. पालकांना आत सोडत नव्हते, म्हणून आम्ही दोघं खिडकीपाशी उभे राहिलो.

आत दोन सर बसले होते. एकाने कागदावरून कन्नडमध्ये वाचून दाखवलं. दोनशे मीटर लांबीचा रस्ता आहे. कडेने दर पाच मीटरवर एक झाड लावायचं. झाडं किती लागतील?

ती खडू घेऊन उभी राहिली. लिहीना. सरांनी घड्याळाकडे बघितलं.

"आलं न्हाई वाटतं," बाप माझ्या कानाशी पुटपुटला.

"थांबा. ती आधी मनात सांगते."

मी हे म्हणाले खरं, पण मी खिडकीचा गज धरून ठेवला होता. अक्का असती तर गज धरला नसता. ती पिशवी खाली ठेवून भिंतीला टेकून उभी राहिली असती.

"हेळम्मा," सर म्हणाले. सांग पोरी.

ती वळली. तिच्या कन्नडमध्ये आमच्या बोलीचा हेल होता, पण शब्द स्पष्ट होते. "सर, पहिलं झाड रस्त्याच्या तोंडालाच आहे, की पाच मीटर सोडून?"

सरांनी कागदात बघितलं. शेजारच्या सरांनाही दाखवलं. "ते दिलेलं नाही."

"मग तीन उत्तरं आहेत," ती म्हणाली, आणि डाव्या हाताने फळ्यावर रेघ ओढली. दोन्ही टोकांना झाड असेल तर एक्केचाळीस. एकाच टोकाला असेल तर चाळीस. दोन्ही टोकं मोकळी असतील तर एकोणचाळीस. एवढं लिहून ती थांबली नाही. खाली दहा मीटरचा एक छोटा रस्ता काढला, त्यावर ठिपके देऊन तीन, दोन आणि एक झाड दाखवलं, आणि शेजारी मराठीत लिहिलं: ताळा.

शेजारच्या सरांनी विचारलं, "हे काय लिहिलंयस?"

तिने कन्नडमध्ये समजावून सांगितलं की उत्तर बरोबर आहे का हे आपणच बघायचं असतं.

"कुणी शिकवलं?"

"बाईंनी."

दोघांनी खिडकीकडे बघितलं. मी नाही म्हणून मान हलवणार, तोवर तीच म्हणाली, "थोरल्या बाईंनी. त्या वारल्या. ह्या धाकट्या."

मी शाळेत कधी कुठल्या परीक्षेत पहिली आले नाही, व्यासपीठावर गेले नाही. त्या खिडकीशी उभं राहून मला कळलं की छाती भरून येते म्हणजे काय होतं. त्यात दुःखही होतं, पण ते वरचढ नव्हतं.

बसस्टँडवर बापाने तिघांसाठी चहा सांगितला. मुलगी बशीतून पीत होती. तो दोन घोट प्यायला. मग म्हणाला, "ते तोंडाचं झाड इचारलंस, ते लाभाचं न्हवं?"

"व्हय."

"माझ्या बानं शिकीवलंय मला तसं मोजायला." त्याने चहा संपवला, पेला खाली ठेवला. "यंदा भात मीच मोजतो. टाकतो बी मीच, म्हणतो बी मीच."

"चुकशील," मुलगी म्हणाली.

"चुकलं तर माप माझंच हाय की."

तो जागा मिळायच्या आधीच पाठवायला तयार झाला होता. मुलीला ते कळलं की नाही ठाऊक नाही. तिने बशी पालथी घातली आणि बस आली का बघायला गेली.

यादी लागली त्या दिवशी हेडमास्तरांचा फोन आला. तिचं नाव होतं. मी फोन ठेवला. सांगायला घरात कुणी नव्हतं, म्हणून मी तासभर आधीच वाचनालय उघडलं आणि आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. पेपर वाचायला येणाऱ्या तिघा म्हाताऱ्यांना सांगितलं, कन्नड मासिक परत करायला आलेल्या पोस्टमनला सांगितलं. त्यातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "तुमच्या नात्यातली काय?" मी म्हणाले, अक्काची विद्यार्थिनी. आणि पुढे म्हणाले, शेवटचे सात शनिवार माझीही.

जूनमध्ये ती ट्रंक घेऊन गेली. त्याच महिन्यात शाळेला गणिताचे नवे शिक्षक मिळाले. चांगले आहेत, तरुण आहेत. त्यांनी वही मागून घेतली, दोन दिवस ठेवली आणि परत आणून दिली. म्हणाले, "उत्तरं नाहीत हो ह्यात." मी म्हणाले, "नाहीत." त्यांनी शनिवारचा तास माझ्याकडेच राहू दिला.

मी आता वहीत अक्काच्या अक्षराखाली माझ्या अक्षरात नवी गणितं लिहिते. उत्तरं लिहीत नाही. आजवर बावीस लिहून झाली. चौदा पानं कोरी आहेत.